एकाच गिटारवर ऑर्केस्ट्रा, चर्च आणि मेटल: कोणती घ्यावी?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. निपाणीला घर, बेळगावात इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, गणपतीत आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, रविवारी कॅम्पातल्या चर्चमध्ये साथ, आणि आता मित्रांबरोबर मेटल बँड. पैसे ४० हजार, गिटार एकच. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर घ्यावी, गिब्सनच्या लेस पॉलच्या घडणीची घ्यावी, की लॉकिंग ट्रेमोलोवाली (ट्रेमोलो म्हणजे दांडीने हलवून सूर वरखाली करता येणारा ब्रिज), असं विचारलंयस. मी गेली बावीस वर्षं याच पट्ट्यात वाजवतोय, खानापूरपासून अथणीपर्यंत, मराठी, कन्नड, हिंदी, कोकणी, जे गाणं पुढ्यात येईल त्याला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. ब्रिजपाशी, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, हंबकर आणि त्याच्या पुढे दोन सिंगल कॉइल, म्हणजे ज्याला एचएसएस म्हणतात, तशी गिटार घे. हे दोन्ही पिकअपचे, म्हणजे तारेची थरथर पकडणाऱ्या भागाचे, प्रकार. ब्रिज पक्का असावा, नाहीतर साधा ट्रेमोलो. ३० हजारांच्या आसपास थांब. राहिलेले १० हजार कुठे घालायचे ते पुढे सांगतो.

आता हे का, ते बघ. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे दिलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. गिटारच्या तारेची थरथर ती पकडते, आणि तितक्याच इमानाने आजूबाजूच्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची घरघरही पकडते. स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली ती अशा तीन कॉइल घेऊन. तिचा तो स्वच्छ, काचेसारखा, शब्दाशब्दाला उठून दिसणारा आवाज याच पिकअपचा. पुढच्याच वर्षी गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी दोन कॉइल शेजारीशेजारी ठेवल्या, एकीचे वेढे आणि चुंबकाची दिशा दुसरीच्या उलट केली, आणि घरघर आपापसातच कटली. तोच हंबकर. १९५७ पासून तो लेस पॉलवर बसला. त्याचा आवाज जाड, भरीव, आणि डिस्टॉर्शनला जोर लावला तरी फाटत नाही. तुझ्या मेटलला हाच लागणार.

घरात बसून वाजवणाऱ्याला हा फरक फक्त आवाजाच्या पोताचा वाटतो. आपल्याकडच्या स्टेजवर तो त्याहून फार मोठा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी बेळगावातल्या शहापूरच्या एका मंडळाचा कार्यक्रम होता. माझ्याकडे तेव्हा तीन सिंगल कॉइलचीच गिटार होती. मांडवाला लाइटच्या माळा, स्टेजच्या दोन्ही अंगाला डिमरवरचे फोकस, आणि माझी पंधरा फुटांची केबल नेमकी डिमरच्या वायरवरून गेलेली. भावगीत सुरू झालं. गायिकेने पहिली ओळ संपवून श्वास घेतला, आणि त्या शांततेत माझ्या गिटारची घरघर सगळ्या मांडवाला ऐकू गेली. लाइटवाला फोकस कमी-जास्त करील तसा त्या घरघरीचा आवाजही बदलत होता. साउंडवाल्याने माझा चॅनेल बंद केला. सगळं गाणं मी वाजवलं आणि एकही सूर लोकांपर्यंत पोचला नाही. त्या रात्री मला कळलं की वेगवेगळ्या शैली वाजवायच्या तर गिटारला आधी गप्प बसता आलं पाहिजे.

एचएसएसमध्ये ती सोय आहे. ब्रिजचा हंबकर कायम शांत. पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागेला दोन पिकअप एकत्र वाजतात. मधला पिकअप उलट वेढ्यांचा असेल, तर मधला आणि नेकचा (गिटारच्या मानेजवळचा) एकत्र लावलेल्या जागीही घरघर जवळजवळ जाते. हा एकत्र आवाज किंचित पोकळ, गोड असतो. चर्चमधल्या संथ, डिलेवर (प्रतिध्वनीच्या इफेक्टवर) तरंगणाऱ्या सुरावटींना आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या तुकड्यांना मी तोच लावतो. दुकानात गेलास की अँपचा गेन वाढव, तारांवर हात ठेवून त्या दाब, आणि स्विच एकेका जागेवर सरकवत जा. घरघर कुठे येते आणि कुठे जाते ते कानाने कळेल, दुकानदाराला विचारायची गरज नाही.

काही गिटारमध्ये नॉब ओढला की हंबकरची एक कॉइल बंद होते. त्याला कॉइल स्प्लिट म्हणतात. असेल तर चांगलंच, पण त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस. कॉइल तोडली की आवाज पातळ होतो, थोडा खालीही येतो, आणि घरघर परत येते. पुढे दोन खरे सिंगल कॉइल असताना त्याची गरज क्वचित पडते.

त्यापेक्षा व्हॉल्यूमचा नॉब वापरायला शीक. हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण बरीच पोरं नॉब दहावर ठेवतात आणि आवाज बदलायला नवीन पेडल शोधत बसतात. डिस्टॉर्शन लावलेलं असताना गिटारचा व्हॉल्यूम सहावर आण, आवाज निवळतो. दहावर ने, पेटतो. टोनचा नॉब निम्म्यावर आणला आणि नेकचा पिकअप लावला की लावणीत ढोलकीच्या शाईचे आणि चाटीचे बोल मोकळे राहतात. लावणीत वरची जागा ढोलकीची आणि घुंगरांची. गिटारने तिथे घुसायचं नाही, खालून दाबून, तळव्याने तारा बंद करत ताल धरायचा. गिटार घेताना नॉब हळूहळू फिरवून बघ: आवाज सगळ्या फेरीत बदलतो, की शेवटच्या टोकाला एकदम पडतो? दुसऱ्या तऱ्हेचा नॉब कामाचा नाही.

लॉकिंग ट्रेमोलोबद्दल. मेटल वाजवायचं म्हणून तुला तो हवाय, हे समजतं. पण आपल्या ऑर्केस्ट्रात सूर गायकाचा असतो. एक गायिका काळी चार म्हणते, पुढचा गायक पांढरी दोन, त्याच्या पुढचा काळी दोन. काळी दोनला एकतर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चाप) लावून डीचे आकार धरायचे, नाहीतर सगळी गिटार अर्धा सूर उतरवायची. साध्या ब्रिजवर हे दोन मिनिटांचं काम. लॉकिंग ट्रेमोलोच्या तरंगत्या ब्रिजवर एक तार सैल केली की मागच्या स्प्रिंगांचा तोल जातो, बाकीच्या पाचही तारा चढतात. शिवाय नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी, तारा स्क्रूने आवळलेल्या, त्या आधी ॲलन कीने सोडायच्या. आणि भर कार्यक्रमात एक तार तुटली, की तोच तोल सुटतो आणि उरलेल्या पाचही बेसूर. माझ्यावर ही वेळ चिकोडीला एका लग्नात आली होती. मागून कीबोर्डवाल्याने गाणं सावरलं म्हणून निभावलं. साधा ट्रेमोलो असेल तर स्प्रिंगा थोड्या आवळून ब्रिज लाकडाला टेकवून टाक, तो पक्क्या ब्रिजसारखा वागतो. तुमच्या मेटलला ड्रॉप डी (सगळ्यात जाड तार एक स्वर उतरवणं) करायचं झालं, तरी एकच तार उतरवायची आहे.

आता मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं. आपल्या गाण्यांत हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे, आणि परदेशी व्हिडिओंत याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. नाट्यगीताची किंवा भजनाची जागा घ्यायची तर तार दोन-दोन, कधी तीन अर्धस्वर ओढावी लागते. फ्रेटबोर्ड आडव्या अंगाने जरा गोल असतो. जुन्या धाटणीच्या फेंडरवर ती गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, म्हणजे बरीच जास्त. तिथे बारीक तार वरच्या फ्रेटवर जोरात ओढली की पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच मरतो. हल्लीच्या गिटारवर ९.५, १२ किंवा त्याहून सपाट फ्रेटबोर्ड येतो. आपल्या कामाला १२ किंवा त्याच्या पुढे बरा. पंधराव्या फ्रेटवर बारीक तार पूर्ण एक स्वर वर ओढ आणि तिथेच धर. सूर चार सेकंद टिकला पाहिजे. मग सोड, आणि तार मूळ सुरावर आली का ते ट्यूनरवर बघ. असं दहा वेळा कर. तार दर वेळी थोडी उतरत असेल तर बहुतेकदा नटच्या खाचेत ती अडकते आहे. खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं की पुष्कळदा सुटते. नाही सुटली तर नट नीट घासून घ्यावा लागतो. ज्याने मिरजेच्या सतारमेकरांना जवारी काढताना पाहिलंय, त्याला हे पटकन पटेल: हाडाचा तो लहानसा तुकडा किती वेळा घासतात, तार किती वेळा छेडून ऐकतात. गिटारचा नट आणि ब्रिज यांनाही तेवढंच प्रेम लागतं.

हवामानाचं आपल्या जिल्ह्यात वेगळंच आहे. ऑगस्टमध्ये खानापूरला कपाटातले कपडे वाळत नाहीत, आणि एप्रिलमध्ये अथणी-रायबागला ओठ फुटतात. एकच गिटार तू दोन्हीकडे नेणार. पावसात लाकूड ओल धरतं, नेक हलते, तारा फ्रेटबोर्डपासून उंच होतात. उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन बोटाला टोचतात. म्हणून विकत घेतानाच नेकच्या कडेवरून तळवा वरपासून खालपर्यंत फिरव. आताच टोचत असेल तर मार्चमध्ये कापेल. ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, तिचा बाक सांभाळणाऱ्या सळईचा) नट सहज फिरतो का तेही विचार, जुनी गिटार घेत असशील तर हे आधी बघ. घरी गिटार बंद केसमध्ये ठेव, आत सिलिका जेलच्या पुड्या टाक, आणि पावसाळा संपला की एकदा सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची उंची जुळवणं, करून घे.

नावं विचारलीयस म्हणून सांगतो. तुझ्या पैशांत मी यामाहाची पॅसिफिका ११२ व्ही घेईन. अल्डर लाकडाचं अंग, एचएसएस, २२ फ्रेट, कॉइल स्प्लिटसुद्धा आहे, आणि फ्रेटबोर्डची त्रिज्या १३.७५ इंच, म्हणजे मींडेला मोकळी. साधा ट्रेमोलो, वर सांगितलं तसा टेकवता येतो. खालचं ०१२ मॉडेल स्वस्त आहे, शिकायला ठीक, पण स्टेजसाठी ११२ व्हीच बघ. आयबानेझची एझेड एसेन्शियल्स मालिका हात लहान असेल त्याला सोपी जाते, तिची तारांची लांबी २५ इंच आहे, स्ट्रॅटोकास्टरच्या २५.५ पेक्षा कमी. तेवढ्याने तारा थोड्या मऊ लागतात. पीआरएस एसई कस्टम २४ सुंदर आहे, दोन हंबकर आणि स्प्लिट, पण ती तुझ्या पैशांत बसणार नाही. आणि कर्ज काढून घेण्याइतका फरक तुझ्या कामात पडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लेस पॉलच्या घडणीची गिटार मला स्वतःला फार आवडते, तरी तुला नको म्हणेन. तिचं वजन खांद्यावर घेऊन पाच तास ऑर्केस्ट्रा करणं जड जातं, आणि तुला हवा तो काचेसारखा आवाज ती मनापासून देत नाही.

आता ते १० हजार. आपल्याकडे कार्यक्रमात गिटारचा अँप क्वचित असतो, केबल सरळ मिक्सरमध्ये जाते. इलेक्ट्रिक गिटार तशी सरळ मिक्सरमध्ये लावली तर स्वच्छ आवाज कोरडा येतो आणि डिस्टॉर्शन तर माशी घोंघावल्यासारखं. गिटारच्या अँपचा स्पीकर वरचे कर्कश सूर गाळून टाकतो, मिक्सर गाळत नाही. म्हणून अँप आणि कॅबिनेटचं (स्पीकरच्या खोक्याचं) सिम्युलेशन, म्हणजे त्यांच्या आवाजाची नक्कल, असलेला एखादा साधा मल्टिइफेक्ट प्रोसेसर घे. इफेक्ट किती आहेत ते मोजू नकोस, कॅबिनेट सिम्युलेशन आहे ना एवढं बघ. ३० हजारांची गिटार आणि प्रोसेसर हे ६० हजारांच्या गिटारपेक्षा मांडवात चांगलं वाजतं, हे मी दोन्ही करून पाहिलंय. त्याच पैशांत दहा फुटांची चांगली केबल, तारांचे दोन जादा सेट आणि एक सेटअप बसव. तारा ९-४२ (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) घे. मींडेला सोप्या जातात, आणि ड्रॉप डीलाही खालची तार फारशी लोंबत नाही.

एक गोष्ट प्रश्नात नव्हती, तरी लिहितो. जनरेटरवरच्या कार्यक्रमात अर्थिंग नसेल तर तारांना हात आणि ओठ माइकला लागला की झटका बसतो. कधीकधी तो किरकोळ नसतो. मी माइकला तोंड लावण्याआधी गिटारच्या तारेचं मोकळं टोक माइकच्या जाळीला लावून ठिणगी उडते का ते बघतो. उडाली तर इलेक्ट्रिशियनने अर्थिंग दिल्याशिवाय वाजवायला उभा राहत नाही, मंडळाचे अध्यक्ष कितीही घाई करोत. तूही राहू नकोस.

बघायला कोल्हापूर किंवा हुबळी गाठ, जमलं तर सुट्टीत पुणे. एकाच मॉडेलच्या दोन गिटार मागून घे, कारण त्याच कारखान्यातल्या दोन नेकमध्येही फरक निघतो. आधी अँपशिवाय वाजव. ज्या गिटारचं लाकूड पोटाला थरथरलेलं जाणवतं आणि सूर लांबतो, ती बाजूला काढ. मग तुझ्या तिन्ही कामांतलं एकेक गाणं वाजव, दुकानात शिकवलेली रिफ नको.

घेतलीस की पहिल्या आठवड्यात टिळकवाडीत माझ्याकडे घेऊन ये, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) आहे, दोघं मिळून नेक बघू. पहिल्या आणि सतराव्या फ्रेटवर जाड तार दाबायची आणि सातव्यापाशी फट मोजायची, पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. येताना जुन्या तारा काढून आणू नकोस. नेक तारांच्या ताणावर असतानाच बघावी लागते.