बहात्तर वळणं

रत्नागिरी

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. तू क्रिटसाठी, म्हणजे छोट्या सर्किटवर फेऱ्या मारत चालणाऱ्या सायकल शर्यतीसाठी, नाव नोंदवल्याचं काल तुझ्या बाबांनी सांगितलं, आणि रात्री मला लवकर झोप लागली नाही. आरे-वारेचा चढ तू कशी चढतेस ते मी पाहिलंय, तेव्हा ताकदीबद्दल मी तुला काय सांगणार! पण आपण इथले सायकलवाले एकेकटेच वाढतो. भाट्याहून पावसला जायचं, नाहीतर गणपतीपुळ्याला जाऊन यायचं; एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला कातळ. दुसऱ्या कुणाचं चाक आपल्या चाकापासून हातभर अंतरावर पळतंय, याची आपल्याला सवयच नसते. क्रिटमध्ये मात्र सगळं त्या हातभर अंतरात घडतं.

आधी हिशेब बघ. सर्किट १.२ किलोमीटरचं, चार वळणांचं. शर्यत ३० मिनिटं आणि वर ३ फेऱ्या. ताशी ३६ चा वेग धरला तर फेरीला दोन मिनिटं, म्हणजे अठरा फेऱ्या आणि बहात्तर वळणं. घोळक्याच्या तोंडाशी असणारी वळणात ३४ ने शिरली तर जवळपास त्याच वेगाने बाहेर पडते. शेपटाकडची मात्र पुढच्यांनी ब्रेक दाबल्यामुळे २२ वर येते, आणि बाहेर पडेपर्यंत पुढच्या निघून गेलेल्या असतात. मग त्यांना गाठायला तिला ४० पर्यंत ताणावं लागतं. हे प्रत्येक वळणावर. पाय संपतात ते यानेच.

माझ्या पहिल्या क्रिटमध्ये मी असाच शेपटाला राहिलो. धक्का लागायला नको म्हणून प्रत्येक वळणात एका सायकलची जागा सोडत होतो, आणि सरळ रस्त्यावर जीव काढून ती भरत होतो. माझ्यापुढच्या मुलाच्या पाठीवरच्या नंबराची एक पिन सुटली होती, कागदाचा कोपरा फडफडत होता. पहिल्या पाच फेऱ्या तो कोपरा मला स्पष्ट दिसत होता. सहाव्या फेरीत तिसऱ्या वळणानंतर तो दिसेनासा झाला, आणि उरलेली शर्यत मी वाऱ्यात एकटा होतो. पाय दमले होते, पण त्या मुलाचे पाय काही माझ्याहून दणकट नव्हते. तो फक्त माझ्यापुढे वळत होता.

म्हणून सुरुवातीला पहिल्या दोन रांगांत उभी राहा. त्यासाठी लवकर जावं लागलं तरी जा. शिट्टी झाली की क्लीट, म्हणजे बुटाखालची पेडलमध्ये अडकणारी पट्टी, पटकन बसली पाहिजे, आणि गिअर हलका असू दे. क्रिट पहिल्या मिनिटापासून पळते, तेव्हा आधी वीस मिनिटं अंग गरम कर, मध्ये दोन-तीनदा जोरात पळ. घोळक्यात पहिल्या आठ-दहांत राहा, पण सगळ्यात पुढे राहून वारा खाऊ नकोस.

आता वळण. ब्रेक लावायचा तो वळणाआधी. आत शिरल्यावर ब्रेक दाबलास तर तू बाहेर फेकली जाशील आणि मागचीला पाडशील. हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर. बाहेरचा पाय खाली, अंगाचा भार त्याच्यावर. आतला पेडल वर, नाहीतर तो डांबराला टेकतो. नजर पुढचीच्या चाकावर खिळवू नकोस, तिच्या खांद्यावरून पलीकडे, रस्ता जिथे मोकळा होतो तिथे ठेव. एकटी असताना तू बाहेरून शिरून आत कापत बाहेर निघतेस, ते इथे चालणार नाही. पुढची ज्या रेषेत वळते त्याच रेषेत वळ. आणि आपलं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या बाजूला अडकलेलं कधीच ठेवू नकोस. ती जराशी हलली आणि चाकं लागली, तर पडशील ती तू.

शनिवारी संध्याकाळी सर्किटवर पायी फीर. जांभ्याचा भुसा आणि खडी वळणाच्या कडेला कुठे साचलीय, गटाराचं झाकण कुठे आहे, पांढरे पट्टे कुठे आहेत, ते बघून ठेव. पहाटे दव पडलं की पट्टे आणि सुरूची पडलेली पानं दोन्ही घसरतात. तुझं वजन ५२ किलो, टायर २५ मिलिमीटरचे. हवा ७५ ते ८० पीएसआय पुरे, शंभर भरू नकोस.

सकाळी मतलई वारा असेल, जमिनीकडून दर्याकडे. शर्यत लांबली तर ऊन चढल्यावर खारा वारा फिरतो, आणि मग ज्या सरळ रस्त्यावर पाठीशी वारा होता तिथे तो तोंडावर येतो. वारा डावीकडून असेल तर पुढचीच्या जराशी उजवीकडे सरक.

जेवणात नवे प्रयोग नकोत. आदल्या रात्री कुळथाची पिठी-भात, शर्यतीच्या अडीच तास आधी मऊभात आणि एक केळं. नंबराला चारही कोपऱ्यांना पिना लाव.

पंक्चर झालं किंवा पडलीस तर एक फेरी माफ असते का, हे सकाळच्या सूचनांत विचारून घे. सगळेच आयोजक ती देत नाहीत, आणि देणारेही शेवटच्या फेऱ्यांत देत नाहीत. घंटा वाजली की शेवटची फेरी. तुमची शेवटची सरळ रेघ जेमतेम दीडशे मीटर आहे, म्हणजे शेवटच्या वळणात पहिल्या चौघींत नसलीस तर तिथून पुढे जायला जागा नाही. त्यासाठी दुसऱ्या वळणानंतरच वर सरकायला लाग.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता मैदानावर ये. गवतावर दोन सायकली शेजारी चालवत खांद्याला खांदा, कोपराला कोपर लावून बघू. गवतावर पडलीस तरी सहसा खरचटण्यापलीकडे काही होत नाही, आणि कुणी चिकटलं की अंग आखडतं ते तिथेच सैल होतं. माझा भाचाही येईल, म्हणजे तिघं मिळून वळणंही करू. हातमोजे आण.

तुझा,
काका