मुलाचा तापटपणा रक्तातला की घरातल्या भांडणांमुळे?

तुम्ही लिहिलंय, नवरा-बायकोची रोज भांडणं होतात, चौदा वर्षांचा मुलगा मोबाइल काढून घेतला की दार आपटतो, आणि सासूबाई म्हणतात, "खाण तशी माती, बापावर गेलाय." मग दोष रक्ताचा की घराचा?

मी तासगाव तालुक्यातली. वीस वर्षं हायस्कूलच्या पोरांना विज्ञान शिकवलं. घरी द्राक्षबाग आहे, आणि नवऱ्याचा आवाज बांधापलीकडे जातो, तेव्हा विषय दोन्ही बाजूंनी ओळखीचा.

सासूबाई अगदीच चुकत नाहीत. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तीच असतात, भिन्न जुळ्यांची भावंडांइतकीच जुळतात. कोणती जोडी वागण्यात किती सारखी, यावरून आनुवंशिकतेचा वाटा काढतात. अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित हिशेब 2019 साली आला, त्यात स्वतःवर ताबा ठेवण्याच्या बाबतीत हा वाटा साधारण 60 टक्के निघाला.

पण याचा अर्थ तुमच्या मुलाचा 60 टक्के राग बापाचा आणि 40 टक्के भांडणांचा, असा नाही हो. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, एका पोराचा नव्हे. बागेचंच बघा. शेजारी शेजारी दोन वाण लावले आणि सगळ्या ओळींना पाणी, खत, छाटणी तंतोतंत सारखी दिली, तर घडांत दिसणारा फरक जवळजवळ सगळा वाणाचाच धरावा लागेल. तरी ऐन फुगवणीत ड्रिप बंद पडलं तर दोन्ही वाणांचे मणी बारीक राहणार. फरक वाणाचाच राहिला, पण माल गेला की.

घरात तर आणखी गुंता. तापटपणा रक्तातून देणारा बाप तोच, आणि रात्री ओरडणाराही तोच. रोप आणि पाणी एकाच हातचं. शिवाय पोरगं हट्टी असलं की त्याच्यावर जास्त ओरडलं जातं, म्हणजे भांडणातही त्याचा वाटा आला. एका घराकडे बघून याची वाटणी कुणालाच करता येणार नाही, तुमच्या सासूबाईंना नाही आणि मलाही नाही. (हात उचलला जात असेल तर मात्र हा काथ्याकूट राहू द्या. 181 ही महिलांची हेल्पलाइन, किंवा मुलासाठी 1098 ही मुलांची हेल्पलाइन लावा.)

मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला 1972-73 मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा माग ठेवलाय. लहानपणी ताबा कमी असलेल्यांचे पुढे पैशाचे आणि तब्येतीचे जास्त हाल झाले. पण मोठं होताना ज्यांचा ताबा वाढला, त्यांचं त्यामानाने बरं चाललं.

आमच्याकडे बेदाण्याचे दर पडले की रात्री जेवताना हिशेबावरून जुंपायची. मी एवढंच केलं, हिशेबाची वही शेडमध्ये नेऊन ठेवली. भांडायचं ते तिथं. नवरा आठवडाभर फुगून होता. दोन-तीन महिन्यांत धाकटा जेवायला सगळ्यांबरोबर बसायला लागला. थोरला अजून बापासारखाच. तेच आई-बाप, तेच घर, तीच वही. परवा त्याने चार्जर भिंतीवर फेकला. पाच मिनिटांनी स्वतःच उचलून चालतोय का बघत होता.