सेकंड पीयूसी, रात्रीचा अभ्यास आणि बारा वाजताची भूक

ताई, तुमचा प्रश्न असा: मुलगा सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला, रात्री नऊला पोटभर जेवतो आणि बाराला पुन्हा शेंगाच्या लाडवाचा डबा उघडतो. सासूबाईंचं म्हणणं, भरल्या पोटी अभ्यास डोक्यात शिरत नाही. मग रात्री उपाशीच ठेवावं का? नको. सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, पण त्यावर पोराला उपाशी ठेवण्याइतकं नाही. पीयूसीच्या पोरांना बायॉलॉजी शिकवण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जठरातून घ्रेलिन नावाचं, भूक लावणारं हार्मोन सुटतं. १९९९ साली कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. जेवणाआधी ते रक्तात चढतं, जेवल्यावर उतरतं. २००६ मध्ये येल विद्यापीठातल्या होर्वाथ यांच्या गटाने दाखवलं की हे घ्रेलिन मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसपर्यंत, म्हणजे नव्या आठवणी जिथे तयार होतात तिथवर पोचतं, तिथल्या पेशींमधल्या जोडण्या वाढवतं, आणि ते दिलेले उंदीर स्मरणाच्या चाचण्यांत सरस ठरतात. पटण्यासारखं आहे. भुकेल्या जनावराला मागच्या खेपेला दाणे कुठे मिळाले होते ते आठवायलाच हवं. पण तो उंदीर होता, आणि त्याला ऑरगॅनिक केमिस्ट्री पाठ करायची नव्हती. भुकेल्या पोराचं ध्यान पुस्तकात कमी आणि स्वयंपाकघरात जास्त असतं, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. घ्रेलिन नुसतं पोट रिकामं झालं म्हणून वाढत नाही, ते सवयीची वेळ धरून वाढतं. कडक एकादशी करणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा (साबुदाण्यावर ताव मारणाऱ्यांना नको). एक वाजता पोटात कालवतं, आणि काहीही न खाता तीनपर्यंत ते आपोआप निवतं. घ्रेलिनचा आलेखही उपासात तसाच जातो, जेवणाच्या वेळेला वर आणि मग खाली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना सुट्टीच्या रात्रीही डबा खायच्या वेळेला जाग येते, त्यातही याचा हात असणार. तुमच्या मुलाला बाराची वेळ अशीच लागलेली आहे.

आता डोपामिन. लोक त्याला सुखाचं रसायन म्हणतात, मला ते पटत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर तपासले. समोर खाणं असूनही ते तोंड लावत नव्हते, पण साखरपाणी जिभेवर टाकलं की इतर उंदरांसारखेच ओठ चाटत होते. गोडी शाबूत, ओढ गेलेली. ही ओढ खुणेला चिकटते. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या माकडांत डोपामिनच्या पेशी आधी फळाचा रस मिळाल्यावर चेतायच्या. रसाआधीची खूण ओळखीची झाल्यावर त्या खुणेलाच चेतायला लागल्या. बेळगावच्या खडेबाजारात कुंदा या मिठाईचा खवा कढईत तांबूस होत आला की दुकान दिसायच्या आधीच पाय तिकडे वळतात ना, तेच. शिवाय घ्रेलिन या डोपामिनच्या पेशींनाही चेतवतं, म्हणून भुकेच्या वेळी डब्याच्या झाकणाचा आवाजसुद्धा पुरतो.

आणि आठवणीचा उलटा परिणामही आहे. जेवल्याची आठवणच भूक आवरते. हेन्री मोलायसन या अमेरिकन रुग्णाच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग १९५३ साली शस्त्रक्रियेत काढला होता. त्यांना नवं काही आठवणीत राहत नसे, म्हणून जेवण उरकल्यावर लगेच दुसरं ताट पुढे ठेवलं तर ते पुन्हा जेवत. आपलं हिप्पोकॅम्पस ठीक असतं, पण मोबाइल बघत जेवलं की जेवण नीट नोंदलंच जात नाही. टीव्ही बघत जेवलेले लोक पुढच्या वेळेला जास्त खातात, हे सुझान हिग्ज यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. तुमचं चिरंजीव नऊला रील्स बघत जेवतं का, ते मला न विचारताच कळतंय.

तर करा काय? नऊचं जेवण फोनशिवाय, सगळ्यांच्या पंगतीत. भाकरी, उसळ, दही असं प्रोटीन असलेलं. प्रोटीनने घ्रेलिन चांगलं खाली राहतं. साडेदहाला मूठभर शेंगा किंवा कपभर दूध, ताटली-पेल्यात वाढून, डबा हातात द्यायचा नाही. डबा त्याच्या टेबलावरून उचलून फडताळात. पहिले काही दिवस बाराला चुळबुळ होईल, चिडचिडही करेल, तेवढं सोसा.

सगळ्यात आधी मात्र झोप. शिकागोत २००४ मध्ये १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. घ्रेलिन २८ टक्के वाढलं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्के घटलं. प्रयोग लहान आहे, पण दीड वाजेपर्यंत जागून पहाटे पाचला ट्यूशनला पळणाऱ्या पोराची भूक अशी का असते ते त्यातून कळतं. दिवसा वाचलेलं पक्कं होतं तेही झोपेतच. अकराला दिवा बंद करायला लावा, बाराचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो.

एक मात्र बघा. एवढं खाऊनही वजन उतरत असेल, सारखी तहान लागत असेल, रात्री लघवीला उठत असेल, तर हे वरचं सगळं बाजूला ठेवून उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे नेऊन रक्तातली साखर तपासून घ्या.