फवारणीची वही आणि लेकीचं एआय

तासगाव तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा : "तीन एकर द्राक्षबाग आहे, माल युरोपला जातो. मुलगी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परदेशी कंपन्यांबरोबर एआयच्या धंद्यात काम करायचं म्हणते. पुण्यातल्या एका संस्थेचा त्यासाठी एक वर्षाचा कोर्स आहे, फी साडेचार लाख. बागेवर कर्ज काढावं लागेल. मला यातलं काही कळत नाही. काय करू?"

दादा, नमस्कार.

कर्ज काढू नका. सात-बारावर बोजा चढवावा असं तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या त्या कोर्सच्या माहितीपत्रकात काहीही नाही. पदवी कुणाची हे लिहिलेलं नाही, मागच्या मुलांचा ठावठिकाणा नाही, आणि "शंभर टक्के नोकरी" तेवढं ठळक अक्षरात आहे. तुम्हीच फोन करून मागच्या बॅचच्या पाच मुलांचे नंबर मागा. मिळाले तर त्यांच्याशी बोला. नाही मिळाले तर विषय तिथेच संपला.

पण "मला यातलं काही कळत नाही" हे तुमचं वाक्य मला पटलेलं नाही. तुम्ही इतकी वर्षं युरोपला माल पाठवताय. प्लॉटची नोंदणी, रेसिड्यूची, म्हणजे फळावर उरलेल्या औषधाच्या अंशाची तपासणी, पॅकहाऊस, आणि पेटीवरच्या नंबरावरून थेट तुमच्या बागेपर्यंत पोचता येईल अशी सोय, हे सगळं तुम्ही पाळता. घरात फवारणीची वही असेल. तारीख, औषध, लिटरला किती, काढणीआधी किती दिवस. 2010 साल आठवत असेल. सीसीसीचा, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट या औषधाचा अंश सापडला म्हणून आपले कंटेनर युरोपात अडकले. द्राक्षं गोड होती, मणी टपोरा होता, तरी शेतकरी पार बुडाले. माल चांगला असणं एक आणि तो चांगला आहे हे समोरच्या देशाच्या नियमात बसवून दाखवणं दुसरं, हे त्या वर्षी आपल्या भागाला कळलं.

एआयच्या धंद्यात आज हेच चाललंय. युरोपीय संघाचा एआय कायदा 1 ऑगस्ट 2024 पासून अमलात आला आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कंपनी पुण्यात असो की बंगळुरूत, तिच्या प्रणालीने काढलेला निकाल युरोपात वापरला जाणार असेल, तर हा कायदा तिला गाठतो. नोकरभरती, कर्जमंजुरी, परीक्षेचं मूल्यमापन अशा जोखमीच्या कामांत डेटा कुठून आणला, तो कसा तपासला, चूक झाली तर माणूस कुठे हस्तक्षेप करणार, याची नोंद दाखवण्याची अट या कायद्यात आहे. ज्या वापरांना थेट मनाई आहे त्यांचा दंड 3.5 कोटी युरोपर्यंत किंवा जगभरच्या उलाढालीच्या 7 टक्क्यांपर्यंत, यांतला जो मोठा तो. आपल्याकडेही 2023 साली वैयक्तिक डेटाचा कायदा झाला आहे. म्हणून कोड लिहिणाऱ्यांइतकीच गरज अशा माणसांची आहे, जी इथल्या इंजिनिअरचं म्हणणं तिथल्या ग्राहकाला आणि तिथल्या ग्राहकाची अट इथल्या इंजिनिअरला नीट समजावून सांगू शकतात. तुमच्या लेकीला व्हायचंय ते हे.

तिने पत्रासोबत तिच्या प्रोजेक्टचं टिपण जोडलंय : द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून डाऊनी की भुरी, यांतला कोणता बुरशीचा रोग आहे ते ओळखणं. विषय उत्तम आहे. पण फोटो तिने इंटरनेटवरून घेतलेत, एकेक पान पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले. तुमच्या बागेत पान असं कुठे असतं? त्यावर धूळ असते, बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचे डाग असतात, अर्धं पान दुसऱ्या पानाच्या सावलीत असतं. बोर्डोचा डाग भुरी म्हणून ओळखला गेला तर शेतकरी विनाकारण औषध मारेल, आणि रेसिड्यूचा प्रश्न पुन्हा तुमच्याच दारात येईल.

तेव्हा तिला सांगा, ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून काढणीपर्यंत आपल्याच बागेतले फोटो काढ. प्रत्येक फोटोमागे तारीख, वेळ, प्लॉट, आधीची फवारणी आणि रोग कुणी ओळखला हे लिही. तुमच्या फवारणीच्या वहीसारखीच वही, फक्त डेटाची. शेजाऱ्याच्या बागेत जाणार असेल तर आधी त्याची परवानगी घ्यायची आणि तीही वहीत नोंदवायची. हंगामाअखेर दोन पानं साध्या इंग्रजीत लिहायची : हे काय ओळखतं, कुठे चुकतं, कुठे वापरू नये. मुलाखतीत ही दोन पानं साडेचार लाखांच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतील, याची मला खात्री आहे. एआयचा पाया कच्चा वाटला तर आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम फुकट आहेत. पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे.

आता भाषा. इथे मी थोडी आग्रही आहे. विटा-खानापूरची गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी केरळात, तमिळनाडूत जाऊन बसली ती काय मराठीत धंदा करायला? तिथल्या सोनाराशी त्याच्या भाषेत बोलली म्हणून टिकली. इंग्रजी तर लागेलच, पण त्यावर जर्मन किंवा जपानी यांतली एक भाषा तिने आजच सुरू करावी. दोन्ही नकोत, एकच. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. एन5 ही सगळ्यात खालची पायरी, पण कामाच्या बैठकीत बसायचं तर निदान एन3, आणि खरं तर एन2 हवी. त्याला दोन-तीन वर्षं जातात. जर्मनसाठी पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. निम्मा अभ्यास सांगलीतूनही होतो.

परदेशात शिकायला पाठवायचं का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. आत्ता नको. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही हे खरं, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. आधी पुण्यात दोन वर्षं नोकरी करू दे, परदेशी ग्राहकाबरोबरचं काम हाताखालून जाऊ दे. मग जायचंच असेल तर तिला स्वतःला कळेल कशासाठी जायचं ते, आणि डाड (DAAD) या जर्मन संस्थेच्या शिष्यवृत्तीसारख्या अर्जात लिहायलाही काहीतरी असेल.

एक गोष्ट तिच्याशी बोलून बघा. या कामात लिहिणं आणि ऐकणं फार असतं, कोड कमी. तिला एकटीने तासन्‌तास कोडच लिहायला आवडत असेल तर तोही चांगला रस्ता आहे, पण वेगळा. तिचं मन कुठे आहे ते तुम्हाला जेवताना गप्पांतून कळेल, मला पत्रातून कळणार नाही.

छाटणीच्या आधी एखाद्या शनिवारी दोघं सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे या. डेटाच्या वहीचे रकाने आपण बसून आखू. येताना तुमची मागच्या हंगामाची फवारणीची वही घेऊन या.