साहेब सीआर खराब करतील, ही भीती

तहसील कार्यालयातले एक महसूल सहायक माझ्याकडे आले ते पोटाच्या तक्रारीवरून. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) तपासण्यांत काही निघालं नाही, म्हणून डॉक्टरांनी समुपदेशनासाठी पाठवलं होतं. रविवारी संध्याकाळीच जळजळ सुरू व्हायची. रात्री दचकून जाग आली की ते आधी ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडायचे.

"मॅडम, साहेब सगळ्यांसमोर बोलतात, आलेल्या लोकांसमोरसुद्धा. तोंड उघडलं तर सीआर खराब होईल, बढती जाईल." सीआर म्हणजे वरिष्ठांनी लिहिलेला वर्षभराच्या कामाचा गोपनीय अहवाल.

हे मी सरकारी नोकरीतल्या माणसांकडून वारंवार ऐकते. घरचे म्हणतात, कायमची नोकरी आहे, टेन्शन कसलं? पण कायमची असते म्हणूनच ती सोडवत नाही आणि माणूस गिळत राहतो.

आधी झोपेवर काम केलं. मग विचारलं, साहेब नेमके कशावरून चिडतात? शिल्लक फायलींवरून. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्या आणि दफ्तर दिरंगाईच्या कायद्यानुसार एका टेबलावर फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. यांच्याकडे मात्र स्वतःचं टेबल आणि रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार, दोन्ही होतं. साहेबही वरिष्ठांच्या व्हीसीत (व्हिडिओ बैठकीत) प्रलंबित प्रकरणांवरून ऐकून घ्यायचे. त्यामुळे त्यांचा राग कळतो, पण चारचौघांत पाणउतारा करायची मुभा मिळत नाही.

सीआरबद्दल बोललो. तो एकट्या साहेबांच्या हातात नसतो, वर तो तपासणारे पुनर्विलोकन अधिकारी असतात. शिवाय देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सांगितलंय, की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. त्याविरुद्ध दाद मागता येते. हे गृहस्थ पूर्वी आस्थापना शाखेत होते, इतरांना खुलासे लिहून द्यायचे! "माहीत होतं मॅडम. पण माझ्या बाबतीत डोकंच चालत नव्हतं."

त्यांनी पत्र लिहून आणलं ते तीन पानांचं, सगळं दुखणं ओतलेलं. ते आम्ही इथेच वाचलं आणि इथेच ठेवलं. ऑफिसला गेलं ते अर्ध्या पानाचं: दोन टेबलं, आवक किती, निकाली किती, शिल्लक किती, आधी कोणती प्रकरणं घ्यावीत याबद्दल मार्गदर्शन व्हावं. आवक क्रमांक टाकून घेतला. दुसरं एक वाक्य आम्ही मोठ्याने पुन्हा पुन्हा म्हटलं: "साहेब, माझं चुकलं तर केबिनमध्ये सांगा, लोकांसमोर नको." सुरुवातीला त्यांचा आवाज फुटत नव्हता.

लैंगिक छळ किंवा जातीवरून अपमान होत असेल, तर मात्र असं सबुरीने घेऊ नका. लैंगिक छळासाठी 2013 च्या कायद्याची अंतर्गत समिती आहे, जातीवाचक अपमानासाठी अॅट्रॉसिटी कायदा आहे. थेट तिकडे जा.

पुढे रिक्त टेबलाचं निम्मं काम दुसऱ्याकडे गेलं. साहेबांचा आवाज अजून चढतो, पण केबिनमध्ये. बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. अर्ज करायचा की नाही, हे त्यांचं अजून ठरत नाहीये आणि त्याबद्दल आम्ही बोलतो आहोत.