कोचची फी नंतर बघू, आधी बाबांची पॉलिसी परत करा

प्रश्न: मी 27 वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. महिन्याला 82,000 रुपये हातात येतात. मॅकिन्झी, बीसीजी, बेन अशा कन्सल्टिंग कंपन्यांत जायची इच्छा आहे. केस इंटरव्ह्यूची (त्यात धंद्यातला एखादा प्रश्न समोरच्यासमोर सोडवून दाखवायचा असतो) तयारी करून घेणारा एक कोच 12 सेशनचे 1,20,000 मागतो. माझी बचत फारशी नाही, पण बाबा द्यायला तयार आहेत. ते नुकतेच साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि 22 लाख मिळाले. त्यातले 4 लाख बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी चांगल्या पॉलिसीत घातले आहेत, त्यामुळे त्यांची सोय झाली आहे. पॉलिसी अकरा दिवसांपूर्वी घरी आली, फोटो जोडला आहे. फी भरू का?

उत्तर: फी आत्ता भरू नका. त्याचं कारण शेवटी सांगतो, कारण तुमच्या फोटोतल्या पॉलिसीची घाई जास्त आहे. म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच ईमेलने पाठवलं आहे.

त्या पानावर लिहिलं आहे: वार्षिक हप्ता 4,00,000, हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षं, पॉलिसीची मुदत 20 वर्षं. विमा उतरवला आहे तुमचा आणि हप्ते भरायचे आहेत बाबांनी. आज त्यांना शांतपणे विचारा, पैसे एकदाच भरायचे असं साहेबांनी सांगितलं होतं का? बहुतेक घरांत उत्तर ‘हो’ येतं. मुदत ठेवीपेक्षा जास्त मिळेल एवढंच सांगून सही घेतलेली असते.

दहा हप्त्यांचे 40 लाख होतात. बाबांकडे आहेत 22. त्यातून घरखर्चाला महिना 20,000 काढले, तर उरलेल्या पैशांचं व्याज धरूनही पाचवा हप्ता निघणार नाही. निवृत्त माणसाच्या गळ्यात असला हप्ता घालणाऱ्याला मी ओळखीचा माणूस म्हणणार नाही.

पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला ‘फ्री लुक’ म्हणतात. तुमचे अकरा दिवस गेले, उरले एकोणीस. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा किरकोळ आकार कापून पैसे परत मिळतात. युलिप, म्हणजे विम्याबरोबर बाजारात गुंतवणूक करणारी पॉलिसी, असेल तर त्या दिवसाच्या एनएव्हीचा (युनिटच्या भावाचा) फरक पडेल. अर्ज बाबांच्या सहीने, थेट विमा कंपनीच्या शाखेत द्यायचा. सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक. झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या. बँकेतल्या साहेबांकडे अर्ज देऊ नका. ‘तीन वर्षं भरा, मग काढू’ असं ऐकवत तुमचे एकोणीस दिवस तिथेच जातील.

पैसे परत आले की सगळे 22 लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्या 8.2 टक्के व्याज आहे, दर तिमाहीला साधारण 45,000, म्हणजे महिन्याला 15,000 येतात. आणि तुम्हाला विमा हवाच असेल तर तुमच्या वयाला एक कोटीचा टर्म प्लॅन (मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा) वर्षाला दहा-बारा हजारांत मिळतो. तो हप्ता तुम्ही भरा.

आता कोच. 1,20,000 म्हणजे बाबांचं आठ महिन्यांचं व्याज. तुम्हाला अजून एकाही कंपनीचा कॉल आलेला दिसत नाही. कोच तुम्हाला इंटरव्ह्यूत बोलायला शिकवेल, पण त्या खोलीपर्यंत पोहोचवतो तो रेझ्युमे आणि आत काम करणाऱ्याने दिलेला रेफरल, म्हणजे शिफारस. पुढचे दोन महिने त्यासाठी द्या. सरावाच्या केसेस या कंपन्यांच्या वेबसाइटवर फुकट असतात. अशीच तयारी करणारा एक जोडीदार शोधा. पुण्यात रोज किती वडापाव विकले जातात, हे त्याच्यासमोर कागद-पेन घेऊन, मोठ्याने बोलत मांडा. पहिल्या दिवशी लोकसंख्येपाशीच अडखळाल, चाळिसाव्या केसला हात बसेल. चाळीस केसेस पैसे देऊन करायच्या नसतात.

कॉल आला की मात्र खर्च करा. पूर्वी अशा कंपनीत इंटरव्ह्यू घेतलेल्या माणसाबरोबर दोन-तीन मॉक (सरावाचे इंटरव्ह्यू), कोचच्याच दराने 20-30 हजार, आणि तेही तुमच्या पगारातून. तिथे चुका दाखवणारा अनुभवी डोळा खरंच लागतो. नोकरीची हमी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, ती हमी त्याच्या हातात नसते.

पण सोमवारी अर्धी रजा टाका आणि बाबांना घेऊन विमा कंपनीच्या शाखेत जा. पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा.