कमी पैशांत पार्टी करायची तर आधी यादी

सजावटीचं नंतर बघ, आधी पाहुण्यांची यादी कर. खर्च वाढतो तो माणसांच्या संख्येने. 30 ऐवजी 15 जणांना बोलावलंस की खाणं, ताटं, खुर्च्या सगळंच आटोक्यात येतं. वेळ दुपारी 4 ते 7 ठेव आणि निमंत्रणातच ‘हलकं खाणं आहे, जेवण नाही’ असं स्पष्ट लिही, म्हणजे कुणी उपाशीपोटी येणार नाही. पदार्थ दोनच, पण भरपूर कर. पाच प्रकार थोडे थोडे केले की आवडता नेमका संपतो आणि बाकीचे उरतात.

‘काही आणू का?’ असं कुणी विचारलं तर संकोच करू नकोस, बर्फ किंवा स्पीकर आणायला सांग. लोकांना खरंच आवडतं ते! गाण्यांची यादी आदल्या रात्रीच तयार करून ठेव, नाहीतर अख्खी संध्याकाळ मोबाइलमध्ये जाईल.